उत्तरासाठी सोडलेली जागा

ये पोरी, जवळ बस. चार हाका मारल्यावर येतीस, हे बरं न्हाई.

पिंगळीत आमच्या प्रौढवर्गाला एक मास्तर यायचे. आमच्यासमोरच कॅसेटवर धडे भरायचे. प्रश्न विचारला की बोटांवर मोजत गप बसायचे अन् टेप तशीच फिरू द्यायचे.

मी म्हणलं, "मास्तर, कॅसेट वाया चालली की."

"बाई, तुमच्या उत्तराला जागा नको का? मी नसलो तरी तुमी बोलायचं."

नामांतराच्या दंगलीत वर्ग मोडला. गावातल्या अन् बौद्धवाड्यातल्या बाया पुन्हा एका सतरंजीवर बसल्या न्हाईत, मास्तरही आले न्हाईत. कॅसेट तेवढी माझ्याकडं राहिली.

अजून लावते. ते विचारतात, "तुमचं नाव काय?" मी सांगते. त्यांचं विचारावं म्हणलं, तर लगेच पुढचा प्रश्न येतो.

निघालीस? लवकर ये गं परत. एकटीनं उत्तरं देणं जिवावर येतं.