हात बसायचं वय

“तू त्या दुकानाची पायरी चढायची नाय. मी अजून जिता हाय,” जगन म्हणाला. अर्धांगाचा झटका आल्यापासून शब्द त्याच्या डाव्या गालातूनच बाहेर पडत. राग मात्र पूर्वीइतकाच होता.

“मग कुठली चढू ते सांगा,” प्रणित म्हणाला. “बायोडेटा घेऊन बाकी सगळ्यांच्या चढून झाल्या.”

“एमकॉम हायस तू.”

“मला काय सांगता बाबा? कंपन्यांना सांगा.”

जगनची बायको चंद्रावती भाकरी थापत होती. खांदा कॉलनीतल्या त्यांच्या खोलीत भांडायला वेगळी जागा नव्हती, त्यामुळे तिच्या पाठीमागेच सकाळपासून हे चाललं होतं. कारण आनंदा. जगन आजारी पडल्यापासून त्याचं जुन्या पनवेलमधलं सलून त्याच्या हाताखालचा कारागीर आनंदाच सांभाळत होता. आज सकाळी तो पेढे घेऊन आला. कामोठ्यात त्यानं स्वतःचं दुकान घेतलं होतं, काचेच्या दाराचं, एसीचं. महिनाअखेरीला जातो म्हणाला, जगनच्या पायाला हात लावून रडला, आणि गेला. पेढ्यांचा पुडा अजून कोणी उघडला नव्हता.

“बंद दुकानाचं भाडं कोण भरणार?” प्रणितनं विचारलं. “मी शिकतो ना. आपलंच काम आहे.”

“आपलं काम,” जगन म्हणाला. “माझा बा हत्यारांची धोपटी काखेत मारून गावात घरोघर फिरायचा. ओटीवर बसायची सोय नव्हती. खाली अंगणात. चहा प्यालो की कप आमीच इसळून भिताडाला पालथा घालायचा. हे आपलं काम.”

“आता कोण कप पालथा घालतंय? आनंदादादाकडे लोक नंबर लावून बसतात.”

“आनंदा आनंदा हाय. तू माझा पोरगा हायस.”

प्रणित शाळेत होता तेव्हाची गोष्ट. बापाचा डबा घेऊन तो दुकानात गेला होता आणि सहज झाडू उचलून खाली पडलेले केस गोळा करत होता. खुर्चीतलं गिऱ्हाईक आरशातून बघून म्हणालं, “अरे वा जगन, पुढचा न्हावी तयार झाला की.” माणूस हसून बोलला होता, वाईट हेतूनं नाही. जगनही हसला. पण घरी आल्यावर त्यानं चंद्रावतीला बजावलं, उद्यापासून डबा तू आणायचा. पोरगा दुकानात दिसता कामा नये. तसा तो पुन्हा दिसला नाही. क्लास लावले, कॉलेज झालं, पदवीचा फोटो देवघराशेजारी लागला. मग उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात कंत्राटावर नोंदी करायचं काम मिळालं. कंत्राट संपलं, तसं कामही संपलं. लग्नाच्या बैठकांत आधी शिक्षण विचारत आणि माना डोलावत. मग पगार विचारत आणि चहा संपवत.

“एकदा करून तर बघू द्या,” चंद्रावती तवा उतरवत म्हणाली. “तुमचीच दाढी करील. आज सोमवार. आनंदा दर सोमवारी करतो तशी.”

 जगननं तोंड फिरवलं आणि उजवा गाल पुढे केला.

“ह्या बाजूनं कर. इकडं लागलं तरी मला कळत नाय.”

प्रणितनं गरम पाणी घेतलं, साबण फासला, वस्तऱ्यात नवं पातं घातलं. त्यानं मोबाईलवर बरंच पाहून ठेवलं असावं, कारण इथपर्यंत तो चुकला नाही. मात्र झटक्यानं सैल पडलेली ती कातडी बोटाखाली घसरू लागली.

“ताण. बोटानं ताण. जोर लावू नको. मनगट सोड.”

“सोडलंय.”

“नाय सोडलंस. असं बघ.” जगननं हवेत मनगट फिरवून दाखवलं. पण चालता हात डावा होता. तो दाखवत होता ते उलटं दिसत होतं, आणि प्रणित ते मनात सुलटं करायला बघत होता. तेवढ्यात पातं रुतलं.

जगनला कळलं नाही. तो सांगत राहिला, केसाच्या कलानं जा, घाई करू नको, खाली हनुवटीला थांब. साबणातून लाल रेघ मानेपर्यंत आली. प्रणितचा हात थांबला. जगननं बायकोचं तोंड पाहिलं, तेव्हा तो गप्प झाला.

चंद्रावतीनं तुरटी ओली करून जखमेवर धरली. पंच्यानं उरलेला साबण पुसला. अर्धा गाल झाला होता, बाकी दाढी तशीच.

“जमेल हळूहळू,” प्रणित खाली बघत म्हणाला.

“हात बसायचं एक वय असतं,” जगन म्हणाला. “आनंदा माझ्याकडं आला तेव्हा त्याला मिसरूड नव्हतं. फुग्याला साबण लावून करायचा. फुगे फुटायचे, आमी हसायचो. तुझं ते वय मी वर्गात घालवलं. आता गिऱ्हाईक गळा पुढं करून बसंल, आणि तुझा हात असा.”

“मग दादाकडे जातो शिकायला. तो नाही म्हणणार नाही.”

“माझ्या हाताखालचा माणूस. त्याच्या दुकानात तू केस झाडणार?”

 जगन भिंतीकडे तोंड करून पडला. तिकडे उशीला लागलेला गाल त्याला कळत नव्हता, त्यामुळे उशीवर रक्ताचा डाग पडला, तोही त्याला कळला नाही.

चंद्रावतीनं भाकऱ्या फडक्यात गुंडाळल्या, हात धुतले.

“महिनाअखेरीला दुकानाची किल्ली जागेच्या मालकाला देऊन येते,” ती म्हणाली. “प्रणित एक तारखेपासून कामोठ्याला आनंदाकडे जाईल. तो सांगेल ते काम करील, झाडू मारायला सांगितला तर झाडू मारील. मी आत्ता आनंदाला फोन करते. मग जेवायला वाढते.”