नवसागर मास्तर

आमचे नवसागर मास्तर वर्गात ‘सोपं’ हा शब्द कधी वापरत नसत. गणिताचे मास्तर फळ्यावर उदाहरण घालताना दर ओळीला म्हणायचे, “सोपं आहे, बघा.” आणि ज्याला ते कळत नसे तो आणखीनच खाली मान घाली. नवसागर मास्तरांचं उलटं. खडू हातात घेतला की ते आमच्याकडे वळून म्हणत, “आजचा भाग अवघड आहे. मलाही पहिल्यांदा आला नव्हता.” मग बाही मागे सारून सुरुवात करत. ते ऐकून आम्हाला भीती वाटायला हवी होती, पण वाटायचा तो धीर.

बारामतीच्या इंग्रजी शाळेत ते आम्हाला रसायन शिकवत. त्यांच्या काळ्या कोटाला कल्हईवाल्याच्या भट्टीसारखा वास यायचा, कारण प्रयोगाच्या खोलीत ते सतत काही ना काही तापवत असत, आणि त्यात नवसागर, म्हणजे कल्हईला लागणारा तो खार, हमखास असे. त्यावरून मुलांनी ठेवलेलं ते नाव त्यांना ठाऊक होतं. “बरं झालं,” ते म्हणाले होते, “गंधक म्हणाला असतात तर कोट धुवावा लागला असता.”

मी जळोचीहून पायी येत असे. आमचा पाटाच्या पाण्यावर भाजीचा मळा होता, आणि वडिलांना, म्हणजे तात्यांना, मुलगी शिकवायची हौस होती. वर्गात मी एकटी मुलगी. दाराजवळ माझा वेगळा बाक होता. इतर विषय मला जमत, रसायन काही केल्या जमेना. एक तर पुस्तक इंग्रजी. त्यात लोखंडाला इंग्रजीत आयर्न म्हणतात, मग त्याची खूण ‘एफ ई’ कशी, असल्या गोष्टींवर मी तास तास घालवायची. मास्तरांनी एकदा मला थांबवलं. “त्याचं बारसं तिसऱ्याच भाषेत झालंय. ते पाठ करून टाक. डोकं चालवायच्या जागा वेगळ्या आहेत, ते तिथं राखून ठेव.” पाठ करायचं काय आणि समजून घ्यायचं काय, ही वाटणी त्यांनी मला करून दिली. तोवर मी सगळंच समजून घ्यायला बघत होते, आणि शेजारची मुलं सगळंच पाठ करत होती. दोघांचीही फजिती सारखीच.

समीकरणांत तर सगळा वर्ग बुडायचा. काशिनाथ नावाचा कळंबचा एक मुलगा होता. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत की तो अक्षराच्या पायाशी असलेला बारका आकडा बिनदिक्कत बदलून टाकी. मास्तर रागावले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, “बाजारात तुझे वडील वांग्यांच्या पाट्या नेतात. चार कमी पडल्या तर काय करतात?”

“आणखी चार भरतात, सर.”

“वांगी कापून त्यांचे भोपळे करत नाहीत ना? काशिनाथ, तू भोपळे केलेस. पाट्या किती ते बदल, आतल्या मालाला हात लावू नको. तो आकडा बदललास तर पाणी पाणी राहत नाही, दुसरंच काहीतरी होतं.” काशिनाथ स्वतःच हसला. त्यानंतर त्या चुकीला आमच्या वर्गात ‘भोपळा करणं’ असंच नाव पडलं.

पण माझं खरं घोडं अडलं ते मिठापाशी. सोडियम नावाचा धातू पाण्यावर टाकला की फुसफुसत पळतो, पेटतोसुद्धा, हे त्यांनी आम्हाला करून दाखवलं होतं. क्लोरीन वायू घसा जाळतो, हेही थोडंसं हुंगून कळलं होतं. आणि दोघांचं मिळून होतं मीठ. मी उभी राहिले आणि विचारलं, “सर, हे दोघं गेले कुठं? मीठ तर आपण रोज भाकरीबरोबर खातो.”

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. “आज पुढं जायचं नाही,” ते म्हणाले. त्यांनी लोखंडाचा कीस आणि गंधकाची पूड एकत्र केली, त्यावर लोहचुंबक फिरवला. कीस टपाटप चिकटला. मग तेच मिश्रण नळीत घालून लाल होईपर्यंत तापवलं, थंड करून फोडलं. काळा खडा निघाला. त्याला चुंबक लावायला त्यांनी मला पुढं बोलावलं. काही चिकटलं नाही.

“लोखंड गेलेलं नाही,” ते म्हणाले. “आतच आहे. पण आता ते एकटं नाही, म्हणून एकटेपणीच्या सवयी राहिल्या नाहीत. का राहिल्या नाहीत, ते मला थोडंसंच सांगता येईल. मी कॉलेजात असताना इथंच अडलो होतो, पण विचारायचं धाडस झालं नव्हतं.”

त्याच आठवड्यात प्रयोग करताना तेजाबाचा थेंब माझ्या पदरावर उडाला. घरी जाईपर्यंत पदराला भोकं पडली. आमच्याकडेच राहणाऱ्या आत्याने ती पाहिली, गावात दोन घरी दाखवली, आणि संध्याकाळी तात्यांनी सांगितलं, “बास झालं आता. उद्यापास्नं साळा बंद.” तात्या फार बोलणारे नव्हते. त्यांचं बोलणं एकदाच असे. मी भाजी निवडत घरी बसले. रडून झालं, मग तेही थांबलं.

काही दिवसांनी मास्तर पाटाच्या कडेने चालत मळ्यात आले. तात्या वांग्यांना पाणी देत होते. वाफे भरून होईपर्यंत मास्तर बांधावर उभे राहिले. मग तात्या फावडं खांद्यावर टाकून आले. मी खोपीच्या आडून ऐकत होते.

“मास्तर, पोरगी हुशार हाय ते मलाबी कळतं,” तात्या म्हणाले. “पन ह्ये तुमचं रसायन शिकून तिला काय मिळनार हाय?”

“ते मला सांगता यायचं नाही.”

“पास तरी व्हईल का?”

“खात्री देत नाही. विषय अवघड आहे. पुष्कळ मुलं त्यातच मागं राहतात.”

तात्यांनी फावडं खाली टेकवलं. “मंग इतक्या लांब कशापायी आलाय?”

“तिनं मला एक प्रश्न विचारला होता. इतक्या वर्षांत तो कुणी विचारला नव्हता. त्याचं मी अर्धंच उत्तर दिलंय, आणि आता ती वर्गात नाही.”

“आज पदर जळाला. उद्या डोळा जळंल.”

“खरं आहे. बाटली मी मुलांच्या हातात द्यायला नको होती. यापुढं तेजाब मीच ओतीन. एवढं मात्र मी वचन देतो.”

तात्यांनी आत्याला हाक मारून गूळपाणी आणायला सांगितलं. मास्तर पाणी पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली. पुष्कळ वर्षांनी मी त्यांना कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, “मास्तर गोड बोलला असता तर धाडली नसती.”

मी मॅट्रिक झाले. रसायनात गुण बेताचेच पडले, पण पडले. काशिनाथही सुटला. निकालाचा आनंद ओसरतो न ओसरतो तोच कळलं, की मास्तर गाव सोडून चाललेत. इतकी वर्षं धूर छातीत गेलेला, खोकला हटेना. डॉक्टरांनी त्यांना प्रयोगाच्या खोलीत पाऊल टाकायचीच मनाई केली. ते वाईला बहिणीकडे राहायला निघाले होते.

तात्यांनी न विचारता बैलगाडी जुंपली. मास्तरांची ट्रंक त्यांनी हमालाला उचलू दिली नाही, स्वतःच्या खांद्यावरून दौंडच्या आगगाडीत नेऊन ठेवली. मी पाया पडले. मला खूप काही बोलायचं होतं. त्यांच्यामुळे मला न येणाऱ्या गोष्टींची लाज वाटेनाशी झाली, हे मला आज नीट सांगता येईल; तेव्हा नुसतं ‘जपून जा, सर’ म्हणाले. “पुण्याला जा,” ते म्हणाले. “मला येतं त्याच्या पुढचं तिथं शिकवतात.” गाडी हलली. नंतर आमची भेट झाली नाही.

परतताना तात्यांनी बाजारातून कळीच्या चुन्याचं एक पोतं घेतलं होतं, विहिरीच्या कामाला. गाव मागं पडलं. मग बैलांकडेच बघत म्हणाले, “ह्यो चुना पान्यात टाकला की रटरट उकळतो. खाली जाळ न्हाय, काय न्हाय. कशानं?”

आयुष्यात पहिल्यांदा तात्या मला काहीतरी विचारत होते. मी सांगायला लागले. भट्टीत दगड भाजतात तेव्हा त्यातला वायू निघून जातो, उरतो तो हा चुना. त्याला पाणी मिळालं की तो पाण्याशी जोडला जातो, आणि जोडलं जाताना उष्णता बाहेर पडते. तात्यांनी कासरा सैल सोडला होता. बैल आपल्या मनाने चालत होते.

“त्ये कळलं,” तात्या म्हणाले. “पन जोडलं जाताना ऊन का व्हतं?”

पुस्तकातलं एक वाक्य मला पाठ होतं, ते सांगून मोकळं होता आलं असतं.

“ते मला अजून येत नाही, तात्या,” मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. “पुन्याला गेलीस की इचार,” ते म्हणाले, “आन मला यून सांग.”