पसरट उजेडाची बॅटरी

आमच्या उदगिरात बॅटरी घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदा एकच विचारतं, "मारा किती हाय?" मग दुकानदार रस्त्यावर येऊन समोरच्या पाण्याच्या टाकीवर झोत टाकतो. टाकीवरची अक्षरं दिसली की बॅटरी चांगली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मात चार-पाच बॅटऱ्या घेतल्या असतील, सगळ्या अशाच पारखून. आणि या माणसाचा धंदा काय? जळालेल्या मोटरी भरायच्या! सगळं काम वीतभर अंतरावरचं. टाकीवर त्यांना काय शोधायचं होतं कुणास ठाऊक.

मोटर भरायची म्हणजे आतली जळकी तांब्याची तार काढायची, लोखंडाच्या खाचांत कागद घालायचा आणि त्यात नवी तार बसवायची. तारेवर नखाएवढासुद्धा ओरखडा येता कामा नये. आला तर दुकानात मोटर फिरते, शेतात जाऊन धूर काढते. आबांनी हे काम चाळीसेक वर्षं केलं. शेवटच्या दोन-तीन वर्षांत मात्र शुगरनं त्यांच्या डोळ्यांचा पडदा खाल्ला. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आहे तेवढी नजर सांभाळा. आबा मला म्हणाले, "दुकान बंद करून काय चौकात बसून पेपर वाचू? त्यो बी दिसत न्हाई." मी लातुरात एका शाळेत कारकून, दर शनिवारी घरी येणार. दुकान बंद पडलं तर हा माणूस खचणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. त्यामुळे डॉक्टरांचं बोलणं मी घरात पुन्हा काढलं नाही.

त्या हिवाळ्यात शाळेतल्या मास्तर लोकांबरोबर मी लोह्याकडच्या एका तलावाकाठी तंबू ठोकून दोन दिवस राहिलो. बरोबर अर्थातच लांब माऱ्याची बॅटरी, बापाचा मुलगा ना! दिवस मावळताना एका मास्तरच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. मी सुई घेतली, बॅटरी लावली, तर टाचेवर रुपयाएवढा पांढरा फक्क गोळा आणि भोवती काळोख. काटा त्या गोळ्यातच बुडाला. मास्तर बोंबलून राहिला. मग दुसऱ्यानं तंबूतली बुटकी बॅटरी आणली. तिला झोत असा नव्हताच, पीठ चाळल्यासारखा एकसारखा उजेड. टाच, सुई, काटा, माझी बोटं, सगळं एकदम दिसलं आणि काटा निघाला. रात्री त्याच उजेडात सहा जण पिठलं-भाकरी जेवलो, कुणाचे डोळे दिपले नाहीत. मला तेव्हाच आबांचं दुकान आठवलं. म्हटलं, हेच पाहिजे.

पुढच्या शनिवारी तशीच एक बॅटरी घेऊन उदगीरला गेलो. आबांनी ती दुकानाच्या दारातून समोर मारली. उन्हात तिचा उजेड पायरीपुढंसुद्धा दिसला नाही.

"ही बॅटरी हाय का चिमणी? कुणी फसवलं तुला?"

"आबा, लांब मारू नका. जवळ धरा."

"शिकवू नको. तू जन्मायच्या आधीपासून तार भरून राहिलो मी."

वैताग आला मला. पण बाहेर ऊन असलं तरी पत्र्याच्या दुकानात मागच्या बाजूला कायम अंधारच. ओट्यावर एका शेतकऱ्याची मोटर भरून तयार होती, संध्याकाळी तो न्यायला येणार होता. सिरीजच्या बल्बवर, म्हणजे तार सलग आहे ना हे बघायच्या दिव्यावर, ती पास झालेली. मी आबांना काही न विचारता बॅटरी मोटरीच्या तोंडाशी टांगली. "आता बघा," म्हटलं. थोडा आगाऊपणाच केला, खरं सांगायचं तर.

आबांनी चष्म्यावरून भिंग लावलं आणि वाकले. बराच वेळ वाकलेले. मला वाटलं, खूश झाले. मग बोटानं एक खाच चाचपली, दुसरी चाचपली. "इथं बघ," म्हणाले. मी पाहिलं. तीन खाचांमधला कागद सरकला होता, तार लोखंडाला घासून तिचा लेप निघाला होता. शिकाऊ माणूसही असं काम करून देत नाही.

"आदल्या बॅटरीनं चमकायचंच सारखं. मला वाटायचं, चमकतंय म्हणून दिसंना," आबा म्हणाले. मग भिंग खाली ठेवून, "औंदा किती मोटरी जळून वापस आल्या रे?"

मी म्हटलं, "व्होल्टेजचा घोळ हाय आबा. सगळीकडंच जळून राहिल्यात."

"व्होल्टेजला कशाला बदनाम करतो?"

जळून आलेल्या प्रत्येक मोटरीला आबा व्होल्टेजलाच शिव्या देत आले होते, आणि शेतकऱ्यांनाही. हीच मोटर एकदा आधी भरून गेली होती, महिन्यात जळून आली होती. तेव्हा त्यांनी त्या शेतकऱ्याला चारचौघांत झापलं होतं, "तीन फेजची मोटर दोन फेजवर चालवतो अन् माझ्याकडं बोंबलत येतो!" बिचारा मान खाली घालून ऐकत उभा होता.

आबांनी छिन्नी घेतली आणि नवी भरलेली तार तोडायला सुरुवात केली. मी हात धरला. म्हटलं, "आबा, तेवढ्या तीन खाचा दुरुस्त करू की. मी धरतो उजेड." ते म्हणाले, "उजेड लई चांगला हाय. म्हणूनच कळलं. एवढ्या उजेडात बी बोटानं चाचपावं लागलं, खोट माझ्या डोळ्यांत हाय."

पाचच्या सुमाराला शेतकरी आला. "जय भीम आबा, झाली का?" आबा उठून उभे राहिले. "न्हाई झाली. व्हायची बी न्हाई माझ्याच्यानं. स्टेशनाकडं एक पोरगा भरतो, त्याचा हात चांगला हाय, तिकडं ने. अन् मागल्या टायमाला जळली ती माझ्यामुळं जळली, तुझ्यामुळं न्हाई. उगं बोललो तुला." तो माणूस गडबडला, "असू द्या की आबा, कशाला मनाला लावून घेता," म्हणाला आणि माझ्याकडं बघायला लागला. मी मोटर त्याच्या गाडीवर चढवून दिली. ती बॅटरी गटारात फेकावी असं वाटत होतं मला. दुकान चालावं म्हणून मी ती आणली होती.

आबांनी शटर ओढलं, कुलूप घातलं. बाहेर अजून स्वच्छ उजेड होता. पायरी उतरताना त्यांनी माझा दंड घट्ट धरला. याआधी कधी धरला नव्हता. किती दिवसांपासून त्यांना ती पायरी दिसत नव्हती, हे मी त्यांना विचारलं नाही.