शेवटच्या रांगेतल्या मुलीचा रंग

नेरिमा वॉर्डातल्या त्या छोट्या स्टुडिओत फुमिए नागुमो सत्तावीस वर्षं कार्टूनपटांचे रंग तपासत होती. तिचा लाल शिक्का बसल्याशिवाय एकही फिल्म तिथून बाहेर पडत नसे. एखाद्या बाहीचा निळा एका चित्रात जरा उतरला, तरी तिला तो भातातल्या खड्यासारखा लागायचा.

यंदाची फिल्म सात मिनिटांची, वॉर्डातल्या बालभवनांसाठी होती. पोस्टरवर सगळ्या वर्गाच्या चित्राखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘सगळी मुलं आपली’. वर्गात एक तरी काळीसावळी मुलगी हवी म्हणून फुमिएनं महिनाभर डोकं खाल्लं, तेव्हा कुठे दिग्दर्शक याकुशिजी म्हणाले, “बरं, घाला एक. पण शेवटच्या रांगेत.”

फुमिएची नऊ वर्षांची इरोहा बापावर, घानाहून आलेल्या क्वाबेनावर गेली होती. तोच रंग, तेच केस. तिनं शाळेत सांगून टाकलं होतं, “त्यात मी आहे. शनिवारी बघाच!” तेव्हापासून, शेवटच्या रांगेतली ती मुलगी खरंच दिसेल ना, या काळजीनं फुमिएला घास गोड लागत नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी पाचला फिल्म पाठवायची होती. सकाळी फुमिए शेवटची तपासणी करायला बसली आणि तिनं चित्र मध्येच थांबवलं. शेवटची रांग एकजात गोरी.

“माकिशिमा! हिला कुणी धुतलं?”

चौदा वर्षं हाताखाली काम केलेली माकिशिमा लगबगीनं आली. “मीच काल दुरुस्त केलं. तेवीस शॉटमध्ये पोरीच्या अंगावर सावलीचा रंग बसला होता. वर्गात लख्ख उजेड आणि ही एकटीच अंधारात! म्हटलं, नागुमोसान दमल्यात, नजरेतून सुटलं असेल.”

“सुटलं? अगं, ती तशीच आहे!”

“मग रंगतक्त्यात का नाही तसं?”

फुमिएनं प्रत्येक पात्राचे ठरलेले रंग दाखवणारा तो तक्ता उघडला आणि तिचा राग गर्रकन फिरून तिच्याच अंगावर आला. नवा रंग घ्यायचा तर त्याची सावली वेगळी, चकाकी वेगळी. तीन नव्या चौकटी. तेवढा व्याप वाचवायला तिनं त्या मुलीला बाकीच्यांच्या त्वचेचा सावलीचा रंग देऊन टाकला होता. आणि ‘उजेडात सावली दिसली की विचारत बसायचं नाही, पुसायची’ हा धडा माकिशिमाला तिनंच दिला होता. पोटच्या पोरीला तिनं स्वतःच्या हातानं दुसऱ्यांची सावली करून ठेवलं होतं.

आवाज ऐकून याकुशिजी आले. “काय चाललंय? सगळी मिळून नऊ सेकंद धड दिसते ती. कोण बघतंय?”

“नऊ वर्षांची एकजण बघणार आहे.”

“अहो, पोस्टरवर आहे की ती!”

“पोस्टरवर सावळी आणि आत गोरी? मग ते पोस्टर आधी फाडा!”

“नागुमोसान, पाचला द्यायचीय.”

“शिक्का माझ्या खिशात आहे. घ्या काढून, हिंमत असेल तर.”

याकुशिजी उशीर होणार म्हणून कळवायला फोन घेऊन बाहेर गेले. फुमिएनं तीन नव्या चौकटी आखल्या. गालांवर उजेड पडला की इरोहाचा रंग कसा उजळतो, ते तिला पाठ होतं. इतके दिवस हे का टाळलं, म्हणून ती दात-ओठ खात होती.

माकिशिमानं हळूच विचारलं, “नाव काय देऊ? ‘त्वचा’ तर आधीच आहे.”

“हिलाही त्वचाच लिही. त्या आधीच्या ‘त्वचा’पुढे लिही, ‘फिकी’.”

“सगळा स्टुडिओ बोंबलेल हं.”

“बोंबलू दे. तू शॉट घे. बारा तुझे, अकरा माझे.”

फिल्म अडीच तास उशिरा गेली. याकुशिजी निरोप न घेताच निघून गेले.

शनिवारी बालभवनात इरोहा पहिल्या रांगेत बसली. ती मुलगी दिसताच तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं, “बघ! सांगितलं होतं ना?” शेजारणीनं मान डोलावली. मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या फुमिएनं आठवड्यात पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

बाहेर पडून बूट घालता घालता इरोहा म्हणाली, “आई, सगळे बोलले. ती एकदाही का नाही बोलली?”

फुमिए काय सांगणार होती? की आईनं रंग मिळवला तेवढ्यातच समाधान मानलं? तिनं फोन काढला. सुट्टीचा दिवस होता, असू दे.

“याकुशिजीसान? नागुमो. पुढच्या फिल्मचं बोलायचंय. नाही, सोमवारी नाही. आत्ता.”