थुंकीच्या अकरा डब्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — का, ते पुढे कळेल. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, गुडघे गेले, एका कानानं ऐकू येत नाही, आणि हे एक मात्र जिथल्या तिथं आहे. थोडं फिरून फिरून सांगेन. सरळ सांगता आलं असतं तर तेव्हाच सांगितलं नसतं का?

लातूर जिल्हा नुकताच झाला होता, आणि पाऊस नव्हता. जळकोटकडच्या माळावर पाझर तलावाचं काम निघालं होतं. रानात काम उरलं नाही म्हणून सालगडी, शेतमजूर, बाया, सगळे तिथं माती उपसत, खडी फोडत. मी आरोग्य खात्यातला साधा कर्मचारी. त्या साली एक चांगली गोष्ट ठरली होती — टीबीच्या तपासणीसाठी मजुरांना दवाखान्यात बोलवायचं नाही, आपणच कामावर जायचं. थुंकी तिथंच घ्यायची, रोग निघाला तर गोळ्याही तिथंच द्यायच्या, म्हणजे कुणाचा रोज बुडायला नको. चांगलंच होतं हो ते. बिघडलं ते माझ्या हातानं.

सोनाबाई तिथं मातीच्या पाट्या उचलायची. नवरा वारलेला, पदरी चार वर्षांची पोर. दोन महिन्यांपासून खोकला, अंगात कसकस. आपल्याला तेच असणार, या धास्तीनं तिनं पोरीला शेजारणीकडं ठेवलं होतं. पोर कामावर धावत यायची, पायाला मिठी मारायची, आणि ही तिला कोपरानं दूर लोटायची. मी पाहिलंय ते. लोटून झालं की तोंड फिरवायची.

तिची आणि आणखी दहा जणांची सकाळची थुंकी मी झाकणाच्या डब्यांत घेतली, पेटीत भरली आणि तपासायला द्यायला एसटीनं उदगीरला निघालो.

वाटेत बसमध्ये एक गृहस्थ चढले — कपाळाला भस्म, पांढरं स्वच्छ धोतर. उदगीरचे भुसार व्यापारी. आठ दिवसांपूर्वी त्यांच्या मुलीला मी पाहून आलो होतो. माझ्याच शेजारी बसले. पेटीत काय, म्हणून विचारलं. मी म्हणालो, औषधं. उदगीर आलं तसे म्हणाले, चला, घरी चहा घेऊन जा.

आता ती पेटी घेऊन त्या घरात कसं जायचं? कुणी उघडून पाहिली तर? लोकांची थुंकी वाहणारा जावई! तपासायच्या जागी आधी देऊन येतो, एवढं म्हणायला काय झालं होतं? नाही म्हणवलं. आलोच, असं म्हणून मी स्टँडच्या मागं गेलो आणि अकराच्या अकरा डब्या नाल्यात टाकल्या. नळ कोरडा होता. हात रुमालाला पुसले, जाऊन चहा प्यालो. लग्न तिथंच जमलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा थुंकी घेता आली असती. पण मग पहिलीचं काय झालं, हे कुणीतरी विचारलं असतं — म्हणून अकरा नावांपुढं मी लिहिलं, ‘दोष नाही’. सगळा धुळीचा खोकला आहे, अशी मनाची समजूत घातली. पटली का? नाही पटली. मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती.

तिसऱ्या दिवशी सोनाबाईनं गाठलंच. “सायेब, माजं काय निगालं?”

“काही नाही.”

“मंग लेकीला जवळ घिऊ का आता?”

इथं तरी जीभ अडखळायला हवी होती. नाही अडखळली.

“घ्या,” मी म्हणालो.

तिनं पाटी तिथंच टाकली. पोरीला उचलून ती इतकी हसायला लागली, की बाकीच्या बाया थांबून बघत राहिल्या. मीही बघत होतो.

सात महिन्यांनी सोनाबाईच्या खोकल्यातून रक्त पडलं. तिला गोळ्या सुरू झाल्या, ती वाचली. पोरीला ताप आला, मान ताठ झाली, शुद्ध गेली. लहान मुलांत हा रोग कधीकधी मेंदूत जातो. लातूरच्या दवाखान्यात पाचव्या दिवशी ती गेली. खात्याकडून मीच सोबत होतो.

डॉक्टरांनी कागद चाळत विचारलं, कामावर तपासणी झाली होती ना, मग आईचा रोग तेव्हाच कसा सापडला नाही? मी काही बोलायच्या आत सोनाबाईच बोलली. रडून रडून आवाज बसला होता तिचा.

“ह्या सायबानं तपासलं व्हतं की. तवा नव्हतं. मागून झालं आसंल.”

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, “हो. तेव्हा नव्हतं.”