झूल काढून पाहिलेलं विमान

जानेफळला आमच्याकडे एकच बैल होता. जोडीचा दुसरा शेजाऱ्याकडून मागून आणावा लागे. त्या घरातला मी पहिला पदवीधर. मी नोकरीला होतो त्या खामगावच्या कापूस-जिनिंगच्या मालकांनी मला मुंबईला पाठवलं, त्यांच्यासाठी वापरलेलं छोटं जेट विमान निवडायला. चुकलो असतो तर नोकरी गेली असती.

चकचकीत रंगाचं एक विमान मी जवळजवळ पक्कंच केलं होतं. तिथल्या हँगरमधला जळगाव जामोदकडचा म्हातारा मेकॅनिक हसला.

"काऊन भाऊ, बैल घेता तवा झूल पाह्यता का?"

त्यानं त्या विमानाचं इंजिन चालवून बंद करायला लावलं, खाली आपला पांढरा रुमाल अंथरला आणि शेंगदाणे खात बसला. रुमालावर तेलाचे थेंब पडले. शेजारच्या फिक्या रंगाच्या विमानाचंही इंजिन तसंच चालवून पाहिलं; त्याखाली अंथरलेला दुसरा रुमाल कोरडा राहिला. तेच घेतलं.

त्या म्हाताऱ्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पुढं मालकांनी माझ्या बापालाही त्या विमानातून नागपूरला नेलं.