भावोजींना न विचारलेला प्रश्न

तीस वर्षं मी अमेरिकेत, बॉथेलमध्ये डॉक्टरकी केली. खचलेला पेशंट समोर बसला की एक प्रश्न ठरलेला असायचा: घरात बंदूक आहे का, आणि असली तर काही दिवस दुसऱ्या कुणाकडे ठेवता येईल का? जेवण जातं का, झोप लागते का, त्याच सुरात विचारायचं. हक्क नाही, कायदा नाही, उपदेश तर नाहीच. लोक उत्तर द्यायचे. पक्के शिकारीसुद्धा द्यायचे.

आणि आमच्या भावोजींना मात्र मी भाषण ठोकलं.

भावोजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे कॉलेजपासूनचे मित्र, दोन रस्ते पलीकडे राहायचे. देशी लोकांच्या घरात सोनं असतं हे चोरांना ठाऊक झालं होतं. त्यांच्याकडे दिवसाढवळ्या घरफोडी झाली, बायकोच्या माहेरच्या पाटल्या गेल्या. त्यानंतर त्यांनी पिस्तूल घेतलं.

पुढे इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये, जेवणं झाल्यावर, विषय निघाला. बंदुका कुलपातच ठेवाव्यात असा कायदा व्हावा म्हणून एका अर्जावर सह्या घेत होते. भावोजी म्हणाले, "वहिनी, माझ्या सेल्फ-डिफेन्सवर रेस्ट्रिक्शन कशाला?"

मी माइकच घेतला. "सेल्फ-डिफेन्स कसला? खुनाचं हत्यार म्हणा की सरळ! तुम्हा बंदूकवेड्यांमुळे शाळेत पोरं मरतात."

"आणि तुम्ही फ्रीडमच्या शत्रू!" ते ओरडले.

दोघांनाही टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. कुलूप लावायचं की नाही, यावर त्या दुपारी कुणी चकार शब्द काढला नाही.

आमचं बोलणं तुटलं नाही, पण हवापाण्यापुरतं उरलं. दोन वर्षांनी त्यांची बायको गेली. अशा वेळी मंडळात डब्यांच्या पाळ्या लागतात, माझा गुरुवार होता. दुपारी गेले तर आदल्या दिवशीचा डबा तसाच भरलेला. दाढी वाढलेली, शर्ट अंगावर लोंबत होता.

"जेवण जात नाही हो, वहिनी," ते म्हणाले. "झोप नाही. आता कशासाठी राहायचं तेच कळत नाही."

प्रश्न जिभेवर आला होता. पण बंदूक हा शब्द काढला की त्यांना हॉल आठवणार. वाटणार, बायको जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत आणि ही बया माझं पिस्तूल काढून घ्यायला आली. आमच्या दोघांत त्या शब्दाची वाट मीच लावून ठेवली होती. "थोडं वरण तरी खा," म्हणाले आणि गाडीत येऊन बसले.

पुढच्या गुरुवारी गाडीत वाक्य घोकून गेले. दार उघडल्यावर तोंडातून निघालं, "आमटीत आज गूळ जरा जास्त झालाय."

तिसरा गुरुवार यायच्या आत भावोजी गेले. त्याच पिस्तुलाने, स्वतःच्या हाताने.

तासाभरात मंडळाच्या ग्रुपवर सुरू झालं. एकाने लिहिलं, 'गन व्हायोलन्सचा आणखी एक बळी.' लगेच दुसऱ्याने, 'इथे तरी पॉलिटिक्स नको, हा मेंटल हेल्थचा प्रश्न आहे.' माझीच दोन वर्षांपूर्वीची भाषा मला वाचवेना. फोन बंद करून मी ढसाढसा रडले.

त्यांची मुलगी विमानाने हर्नडनहून आली, तिकडेच नोकरीला होती. इथेच जन्मलेली, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली. बापाच्या स्वयंपाकघरात उभं राहून तिने विचारलं, "काकू, डिड यू नो? बाबांकडे गन होती?"

"हो गं. आम्हा सगळ्यांना माहीत होतं."

"अँड नोबडी टॉक्ड टू हिम अबाउट इट?"

"बोललो ना. भांडलो."

मी साधेपणाने मागितलं असतं, तर भावोजींनी ते पिस्तूल माझ्या हातात दिलं असतं, असं मला आजही वाटतं. तेवढं तिला सांगायचं धैर्य मला झालं नाही.